पावसाळ्यात कोरीची पिल्ले वाढवताना

मृग सरून आर्द्रा लागली की घरगुती टाक्यांतल्या कोरिडोरास माशांची हालचाल बदलते. हवेचा दाब उतरतो, पाणी दोन-तीन अंशांनी निवते आणि एरवी तळाशी रेती हुंगत फिरणारी ही मिशाळ मासळी काचेवर वरखाली धावू लागते. मादीचे पोट आधीच भरलेले असते. दोन-तीन नर तिच्या मागे लागतात आणि सकाळी काचेवर, फिल्टरच्या नळीवर, पानांच्या खालच्या अंगाला चिकट अंडी दिसतात. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या माशाला तिकडच्या पावसाची सवय आहे. आपल्याकडचा आषाढ त्याला तसाच वाटतो. म्हणूनच जून ते सप्टेंबर हा कोरीची पिल्ले काढण्याचा हंगाम. ब्रॉन्झ कोरी आणि तिचा पांढरा प्रकार हे यातले सगळ्यात सोपे, नवख्याने सुरुवात त्यांच्यापासून करावी.

अंडी दिसली की ती त्याच टाकीत सोडू नयेत, कारण आई-बापच ती खातात. घातल्या घातल्या अंडे मऊ असते. काही तास थांबल्यावर टरफल टणक होते. मग बोटाच्या टोकाने किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डाने ते काचेवरून अलगद सुटते. ती वेगळ्या भांड्यात, मूळ टाकीच्याच पाण्यात ठेवावीत आणि एअरस्टोनचे बुडबुडे जवळून जातील असे पाहावे. पाणी फिकट निळे दिसेल इतके मेथिलीन ब्लू टाकले तर बुरशी आटोक्यात राहते. औषध नको असेल तर रस्त्याकडेच्या देशी बदामाचे वाळलेले, स्वच्छ धुतलेले पान चालते. फळलेली अंडी हळूहळू तपकिरी होतात. पांढरी पडलेली रोज वेचून टाकावीत, नाहीतर त्यांच्यावरची बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर चढते. 25 अंशांच्या आसपास 3 ते 5 दिवसांत पिल्ले बाहेर येतात.

इथून पुढे जे काही घडते किंवा बिघडते, ते तळाशी. कोरीचे पिल्लू जन्मापासून तळावर राहते, तिथेच खाते. उरलेले अन्नही तिथेच साचते आणि कुजते. त्यामुळे या पिल्लांच्या बाबतीत दोनच प्रश्न महत्त्वाचे: अन्न तळापर्यंत पोचते का, आणि उरलेले तिथून निघते का. बाजारात मिळणाऱ्या रंगीत औषधांच्या बाटल्यांपेक्षा या दोन गोष्टींवर जास्त पिल्ले वाचतात.

म्हणून पिल्लांची टाकी उंच नको, पसरट हवी. 10 ते 15 सेंटीमीटर पाणी पुरे. रेती, दगड, शोभेचे सामान काही घालू नये. उघड्या तळावर घाण दिसते आणि काढताही येते. जावा मॉसचा एखादा झुपका मात्र जरूर ठेवावा, पिल्ले त्यात लपतात आणि त्यावर वाढणारे सूक्ष्मजीव टिपत राहतात. फिल्टर स्पंजचाच असावा, कारण मोटरच्या फिल्टरमध्ये पिल्ले ओढली जातात. शक्यतो मोठ्या टाकीत महिनाभर चाललेला स्पंज आणावा. नव्याकोऱ्या स्पंजात अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात आणि पिल्लांना थांबायला वेळ नसतो.

पहिले दोन दिवस खायला काहीही घालू नये. पिल्लाच्या पोटाला बलकाची पिशवी असते, तेवढ्यावर ते जगते. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी पावडर टाकली तर ती फक्त पाणी नासवते. पिशवी आटली आणि पिल्ले तळावर सरकत शोधाशोध करू लागली की खाणे सुरू करावे.

पहिल्या खाण्यासाठी मायक्रोवर्म हा सगळ्यात भरवशाचा पर्याय. हे बारीक कृमी पाण्यात बुडून तळाशी जातात आणि तिथे बरेच तास वळवळत जिवंत राहतात, म्हणजे नेमके पिल्लांच्या तोंडाशी. व्हिनेगर ईल हे दुसरे कृमीही पुष्कळजण पाळतात, पण ते वर पोहत राहतात. गप्पी किंवा बेट्टाच्या पिल्लांना ठीक, कोरीला निरुपयोगी. मायक्रोवर्मसाठी शिजवून थंड केलेले ओट्स डब्यात पसरावेत, चिमूटभर यीस्ट भुरभुरावे आणि कुणाकडून तरी आणलेले विरजण त्यात घालावे. चार-पाच दिवसांत कृमी डब्याच्या भिंतीवर चढतात. ते बोटाने पुसून घ्यायचे. पावसाळ्यात या डब्यावर माश्या आणि बुरशी पटकन येतात, तेव्हा तोंडाला बारीक कापड बांधावे आणि एकाऐवजी दोन डबे लावावेत. आंबूस वासापर्यंत ठीक, कुजका वास आला की डबा बदलावा.

जोडीला नुकताच अंड्यातून फुटलेला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा सूक्ष्म जीव. वाढ खरी यावरच होते. एक लिटर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम आयोडीनविरहित खडेमीठ, पाव चमचा अंडी, तळापासून जोरात हवा आणि वर दिवा; 24 ते 36 तासांत नारिंगी पिल्ले तयार होतात. हवा बंद करून दिवा तळाशी धरला की टरफले वर तरंगतात आणि जिवंत आर्टेमिया खाली, उजेडाकडे गोळा होतो. तो नळीने ओढून घ्यावा, दाट कापडात गाळावा, गोड्या पाण्याने धुवावा आणि लगेच घालावा. उशीर झाला की त्याच्या अंगातला बलक संपतो आणि पोषण घटते. गोड्या पाण्यात तो काही तासांतच मरतो, म्हणून पिल्ले दहा-पंधरा मिनिटांत संपवतील इतकाच द्यावा. खाल्लेल्या पिल्लाचे पोट केशरी दिसते. ते दिसत नसेल तर अन्न त्याच्यापर्यंत पोचलेले नाही, असे समजावे.

आर्टेमियाच्या अंड्यांचा डबा हा पावसाळ्यातला नाजूक माल. एकदा ओल लागली की उगवण निम्म्याच्या खाली येऊ शकते आणि डबा स्वस्त नसतो. उघडल्यावर लहान हवाबंद बाटल्यांत वाटून फ्रिजमध्ये ठेवावा. ओला चमचा आत जाता कामा नये.

उकडलेल्या अंड्याचा बलक कापडातून पिळून घालायची जुनी पद्धत अजून दुकानांतून सांगितली जाते. स्वस्त आहे हे खरे, पण कोरीसाठी मी ती सुचवणार नाही. बलकाचा बराचसा भाग पाण्यात विरघळतो, खाल्ला जात नाही, आणि संध्याकाळपर्यंत पाणी दुधाळ होते. नाल्यातून काढलेला ट्युबिफेक्स पिल्लांना देऊच नये. डासांच्या अळ्या तर त्यांच्या तोंडात मावतही नाहीत, आणि त्यासाठी अंगणात बादली भरून ठेवणे म्हणजे डेंग्यूला आमंत्रण.

दिवसातून तीन-चार वेळा, थोडे थोडे. दर वेळी घालण्याआधी तळ पाहावा. आधीचे पडलेले असेल तर ती पाळी चुकवावी. दोन आठवड्यांनंतर चुरलेली बुडणारी गोळी आणि बारीक पावडर द्यायला सुरुवात करता येते, पण जिवंत खाणे एकदम बंद करू नये.

आता सफाई. एअर पंपाची साधी पारदर्शक नळी हाच सायफन. सकाळ-संध्याकाळ तळावरून घाण ओढून 20 ते 25 टक्के पाणी काढावे. काढलेले पाणी पांढऱ्या टबात घ्यावे, ओढली गेलेली पिल्ले त्यात दिसतात आणि परत सोडता येतात. नवे पाणी थेंबाथेंबाने, त्याच तापमानाचे. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येते आणि पालिका क्लोरीनही वाढवते, त्यामुळे सरळ नळाचे पाणी कधीही घालू नये. ते पिंपात निवळू द्यावे, चोवीस तास एअरस्टोन चालवावा किंवा अँटिक्लोरीन वापरावे. देशावर विहिरी-बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते. ब्रॉन्झ कोरी ते सोसते, परंतु अशा पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो. तिथे उरलेल्या अन्नाबाबत दुप्पट दक्ष राहावे. पत्र्यावरून वाहून आलेले पहिल्या पावसाचे पाणी कुठेच वापरू नये.

वीज गेली तर? एअर पंप थांबताच स्पंजातले जिवाणू गुदमरू लागतात आणि पिल्लेही. बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असावाच. वीज येईपर्यंत खाणे पूर्ण बंद. घाटमाथ्यावर रात्री पाणी 22 अंशांच्या खाली जात असेल तर कमी वॅटचा हीटर लावावा. किनारपट्टीला सहसा गरज पडत नाही.

पिल्ले सांभाळताना एक शत्रू हटकून येतो, हायड्रा. काचेला चिकटलेले, सुतासारखे हात असलेले हे जीव आर्टेमियावर पोसतात आणि लहान पिल्लांनाही पकडतात. दिसल्यास पिल्ले दुसऱ्या टाकीत न्यावीत आणि पहिली कोरडी करून घासावी. मिशा झडलेली पिल्ले दिसू लागली तर ती तळाच्या घाणीची खूण असते, औषध शोधण्याआधी सायफन हातात घ्यावा.

जागा बदलताना जाळी वापरू नये. कोरीच्या परांना काटे असतात, ते जाळीत अडकून पिल्लू जखमी होते. वाटीने पाण्यासकट उचलावे. 20 लिटरच्या पसरट टबात सुरुवातीला पन्नास पिल्ले चालतील. सेंटीमीटरभराची झाली की निम्मी हलवावीत. महिना-दीड महिन्यात ती सेंटीमीटर ते दीड सेंटीमीटर होतात, आणि आषाढातली पिल्ले नीट खाल्ली तर दिवाळीच्या सुमारास विक्रीजोगी. त्याआधी विकायची घाई करू नये, लहान पिल्ले प्रवासात टिकत नाहीत आणि दुकानदाराचा विश्वास जातो.

उरलेली, वाकडी किंवा न विकली गेलेली पिल्ले ओढ्यात, तळ्यात, विसर्जनाच्या कुंडात किंवा विहिरीत सोडू नका. हौसेने पाळून मग सोडून दिलेला सकर मासा आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडतो आहे. जास्तीची पिल्ले दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.