रतांबे पिकण्याआधीची तयारी

होळी आटोपली की तळा परिसरातील वाड्यांत रतांब्याच्या झाडांकडे लक्ष जाऊ लागते. फळ एप्रिल-मे महिन्यांत पिकते आणि पावसाच्या आत सारे उरकावे लागते. गृहिणींची धांदल तेव्हा उडते. पण कोकम सरबत वर्षभर टिकणार की आषाढातच फसफसणार, हे बरेचसे आधीच्या तयारीवर ठरते. म्हणून हा विषय मी आताच घेत आहे.

सरबत फसफसते ते यीस्ट नावाच्या सूक्ष्म जीवामुळे. फळांच्या सालीवर तो असतोच. नाशिककडे द्राक्षाच्या रसाची वाइन होते तीही यीस्टमुळेच. साखर खाऊन ते मद्यार्क आणि वायू तयार करते. तिथे ते हवे असते, आपल्या बरणीत नको असते. (घरीच वाइन करून पाहू म्हणणाऱ्यांनी १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्या राज्यात आजही लागू आहे, हे ध्यानात ठेवावे.)

यीस्टला रोखते ती साखर, पण भरपूर असेल तरच. १ किलो सालींना २ किलो साखर हे प्रमाण धरावे. सालीत बहुतेक पाणीच असते, त्यामुळे या प्रमाणात पाकात सुमारे ६५ टक्के साखर उतरते आणि यीस्टची वाढ सहसा होत नाही. काटकसर म्हणून साखर निम्म्यावर आणली की पाक पातळ होतो आणि बिघडतो. कमी गोड हवे असेल तर थोडेच करावे, फ्रीजमध्ये ठेवावे आणि लवकर संपवावे. अंदाजे २ किलो रतांब्यांतून १ किलो साली निघतात. त्या हिशेबाने साखर आधीच आणून ठेवावी.

आता भांडी. कल्हई उडालेले पितळी किंवा तांब्याचे पातेले या कामाला मुळीच घेऊ नये. कोकमाच्या आंबटपणाने तांबे पाकात उतरते आणि मळमळ, उलट्या, पोटदुखी सुरू होते. ॲल्युमिनियमही नको. काचेची किंवा चिनीमातीची बरणी उत्तम, नाहीतर स्टीलचा डबा. बाटल्या आदल्या आठवड्यातच धुण्याच्या सोड्याने घासाव्यात, थंड पाण्यात ठेवून ते पाणी तापवत न्यावे आणि २० मिनिटे उकळू द्यावे. मग उन्हात खडखडीत वाळवाव्यात. बुचे नवी घ्यावीत. फिनेल, रॉकेल किंवा फवारणीच्या औषधाची बाटली कितीही धुतली तरी वापरू नये. घरातले मूल तहान लागली की बाटली पाहते, तिचा इतिहास नाही.

रतांबे फोडण्याआधी धुऊन कोरडे पुसावेत. सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणीत थर लावावेत, तोंडाला स्वच्छ फडके बांधून आठवडाभर ऊन द्यावे, रोज कोरड्या डावाने ढवळावे. गाळलेला पाक बाटलीत गळ्यापर्यंत भरू नये. पुढे कधी फेस आला, आंबूस वास आला किंवा बूच उडाले, तर तो पाक उकळून मुलांना देण्याचा मोह टाळावा. बुरशी दिसली तर वरची काढून भागत नाही, सगळेच टाकावे. जिवावर येते, हे मला मान्य आहे.

पेलाभर सरबताला ३० मिलिलिटर पाक घेतला तरी त्यात चहाचे सुमारे पाच चमचे साखर जाते. मधुमेह्यांनी ते टाळून बिनमिठाची आमसुले भिजवून त्यांचे पाणी जिरेपूड घालून घ्यावे. आगळात मीठ भरपूर असते, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी सोलकढी बेतानेच घ्यावी.

बिया मात्र राखेत घोळून वाळवून ठेवाव्यात. त्यांच्यापासून निघणारे कोकमतेल, आपल्याकडचे मुठेल, थंडीत भेगाळलेल्या टाचांना किंचित कोमट करून लावता येते.