रोजच्या पन्नास तारा

सातत्य हा मनुष्याचा उपजत गुण आहे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. काहींच्या ठायी तो असतो, काहींच्या ठायी नसतो. ज्यांच्या ठायी तो नाही त्यांनी हळहळण्यापलीकडे काही करावयाचे उरत नाही, असे या समजातून निष्पन्न होते. प्रस्तुत प्रकरणात आपण हा समज तपासून पाहणार आहोत. त्यासाठी थोरामोठ्यांच्या मनोनिग्रहाची वर्णने करण्यापेक्षा ज्याचा हिशेब मांडता येईल असे उदाहरण घेणे बरे. सूतकताईचे उदाहरण तसे आहे, कारण सुताची लांबी मोजता येते.

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगाव येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन होय. सभासदाने दरमहा २००० वार सूत द्यावे, अशी अट येथे मंजूर झाली. आकडा ऐकताना मोठा वाटतो. परंतु तो उलगडून पाहावा. कताईच्या मापात चार फुटांची एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी होते. २००० वार म्हणजे १५०० तारा. महिन्याचे तीस दिवस धरले, तर दिवसाच्या वाट्याला पन्नास तारा येतात. रोज अर्धा तास कातावे, असा त्यामागील हिशेब होता. अर्धा तास काढता येणार नाही असा गृहस्थ विरळाच.

तरीही ही अट वर्षभर टिकली नाही. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटणा येथे ती बदलण्यात आली, आणि वर्षाकाठी चार आणे किंवा स्वतः कातलेले २००० वार सूत असा पर्याय सभासदांपुढे ठेवण्यात आला. राजकीय मतभेद हे याचे एक कारण होते. स्वराज्य पक्षातील अनेकांना कताईची सक्ती मनापासून मान्य नव्हती. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र मूळ अटीतील दोन गोष्टी विचारात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, ज्याची कातण्याची इच्छा नसेल त्याने दुसऱ्याने कातलेले सूत दिले तरी चालत असे. दुसरी अशी की, हिशेब महिन्याचा होता.

या दोन्ही गोष्टींचा परिणाम एकच होतो. महिन्याचे माप विकत आणता येते. रोजची कृती विकत मिळत नाही. ज्याने एकोणतीस दिवस चरख्याला हात लावला नाही, त्याच्यापुढे तिसाव्या दिवशी पंधरा तासांचे काम उभे राहते. मग तो सूत विकत घेतो, किंवा खंत करीत स्वस्थ बसतो. त्याच्या ठायी सातत्य नव्हते असे आपण म्हणतो. वस्तुतः त्याने माप चुकीचे धरलेले असते. सातत्याचे माप दिवस हेच आहे. महिना आणि वर्ष ही केवळ बेरीज होय.

अट गेली, परंतु गांधींची स्वतःची कताई थांबली नाही. ती कशी टिकली याचा शोध घेतला, तर तीन साध्या व्यवस्था दिसतात. पहिली व्यवस्था साधनाची. मोठा चरखा घरात एका जागी बसतो. प्रवासात व तुरुंगात तो नेणे अवघड. १९३० साली पुण्याच्या येरवडा तुरुंगात असताना गांधींनी लहान पेटीत मिटून ठेवता येईल अशा चरख्याकडे लक्ष पुरविले, आणि पुढे तो ‘येरवडा चक्र’ या नावाने ओळखला गेला. साधन हाताशी असले, म्हणजे टाळण्याची निमित्ते कमी होतात. दुसरी व्यवस्था वेळेची. आश्रमाच्या दिनक्रमात प्रार्थना, जेवण, सफाई यांप्रमाणेच कताईलाही जागा होती; ती कधी करावी हा प्रश्न रोज नव्याने सोडवावा लागत नसे. तिसरी व्यवस्था मोजणीची. साबरमतीच्या आश्रमात सायंप्रार्थनेच्या वेळी हजेरी होई आणि प्रत्येकजण आपल्या तारांची संख्या सांगे. त्या एका आकड्यात दिवसाचा हिशेब पुरा होई.

अशी व्यवस्था केवळ आश्रमातच चालते, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर सातारा जिल्ह्यात सापडते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहांतील मुलांच्या अन्नासाठी ‘मुष्टिफंडा’ची योजना पुढे आली. गृहिणींनी घरच्या धान्यातून मूठभर धान्य संस्थेसाठी बाजूला ठेवावयाचे, एवढीच तिची कल्पना. धान्याला हात तर रोज लागतोच. नवी सवय त्या जुन्या कामाला बांधली गेली. एका मुठीने घर रिकामे होत नाही, आणि अनेक घरांच्या मुठी एकत्र आल्या की मुलांची पंगत उठते.

या अनुभवाला अलीकडच्या संशोधनाचाही आधार मिळतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ व्यक्तींचा बारा आठवडे अभ्यास केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक लहानशी कृती निवडून ती न्याहारीसारख्या रोजच्या प्रसंगाला जोडली होती. कृती अंगवळणी पडण्यास मध्यमानाने ६६ दिवस लागले. परंतु व्यक्तीव्यक्तींमध्ये हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत असावा, असा अंदाज निघाला. एकवीस दिवसांत सवय जडते हे लोकप्रिय विधान म्हणूनच जपून घ्यावे. या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या घडणीत विशेष बाध आला नाही. तेव्हा एक दिवस चुकला म्हणून संकल्प मोडला असे मानू नये, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट माप करून प्रायश्चित्तही घेऊ नये. नेहमीचे माप नेहमीच्या वेळी पुन्हा सुरू करावे.

सवयीचे फळ नेहमी दृष्टीस पडतेच असे नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. नवी दिल्लीत कनॉट प्लेसहून इंडिया गेटकडे जाणारा, पूर्वी कर्झन रोड म्हणून ओळखला जाणारा रस्ता आता कस्तुरबा गांधी मार्ग या नावाने ओळखला जातो. नवे महाराष्ट्र सदन याच मार्गावर असल्याने मराठी प्रवाशांना तो परिचित आहे. ज्यांचे नाव या मार्गाला आहे, त्या कस्तुरबांना बालपणी शाळा लाभली नव्हती. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना, वयाची सत्तरी उलटल्यावर, त्या गांधींजवळ वाचन व भूगोलाचे धडे घेत. नावे ध्यानात राहत नसत. विद्वत्ता त्यांना प्राप्त झाली नाही. परंतु दुःखाच्या व आजारपणाच्या त्या दिवसांना या धड्यांनी काही एक आकार दिला. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी त्याच वास्तूत त्यांचे निधन झाले. गांधींनी कातलेल्या सुताची साडी त्यांना अखेरीस नेसविण्यात आली. रोजच्या तारांची बेरीज एका वस्त्राएवढी होते, याची याहून साधी साक्ष शोधावी लागू नये.

वाचकाने आता स्वतःपुरता हिशेब मांडावा. थकव्याच्या दिवशीही होईल एवढेच माप निवडावे. रोज चार पाने वाचणाऱ्याची वर्षात १४६० पाने होतात. परंतु नजर त्या बेरजेवर न ठेवता आजच्या चार पानांवर ठेवावी. रात्रीच्या जेवणानंतर वाचावयाचे ठरले असेल, तर पुस्तक कपाटात न ठेवता बसण्याच्या जागी ठेवावे. वाचून झाल्यावर पानांचा आकडा वहीत लिहावा. पहिले काही आठवडे माप वाढविण्याचा मोह होईल; तो आवरावा. वाढीव माप एखाद्या उत्साहाच्या दिवशी सहज पार पडते, आणि पुढच्या ओढग्रस्त दिवशी तेच आड येते.