सोपाऱ्याचा वल्कलधारी

कपटाची गोष्ट म्हटली म्हणजे पंचतंत्रांतील निळा कोल्हा आपणांस आठवतो. कुत्र्यांच्या भयानें पळतां पळतां तो रंगाऱ्याच्या निळीच्या कुंडांत पडला. अरण्यांतील पशूंना तो कोणी अपूर्व प्राणी वाटला. आणि तो त्यांचा राजा होऊन बसला. ह्या गोष्टींत एक बारीक भेद आहे. कोल्ह्यानें रंग मुद्दाम लावून घेतला नव्हता. गैरसमज आपोआप झाला. लबाडी मागाहून आली. ती नेमकी कोणत्या क्षणीं येते, हें आजच्या पाठांत पाहावयाचें आहे. आणि त्यासाठीं आम्ही आपल्याच पालघर जिल्ह्यांतील एक प्राचीन कथा निवडली आहे.

बोईसर किंवा पालघर येथून मुंबईकडे जाणाऱ्या गाडींत बसलें म्हणजे विरारच्या पुढें नालासोपारा स्टेशन लागतें. त्याच्या पश्चिमेस असलेलें सोपारा गांव म्हणजेच प्राचीन शूर्पारक बंदर होय. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील स्तूप उकरला, आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षीं तेथें उजेडांत आला. पाली भाषेंतील ‘उदान’ ग्रंथांत ह्या बंदरीं राहणाऱ्या बाहिय नांवाच्या मनुष्याची कथा आहे. तिचा पूर्वभाग पुढील काळांतील टीकाग्रंथांत सांगितला आहे.

बाहियाचें जहाज समुद्रांत फुटलें. एका फळीच्या आधारानें तो किनाऱ्यास लागला, तेव्हां अंगावर वस्त्रही उरलें नव्हतें. समुद्र माणसाला कसा रिता करून सोडतो, हें तारापूरच्या किनाऱ्यावरील आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्यानें झाडाच्या साली गुंफून अंगास गुंडाळल्या, एक खापर हातीं घेतलें आणि तो भिक्षा मागूं लागला. लोकांनीं तीं वल्कलें पाहिलीं, आणि हा कोणी अर्हत्, म्हणजे सर्व विकारांतून मुक्त झालेला पुरुष, असावा असें ठरविलें. पुढें त्यांनीं वस्त्रें आणून दिलीं असतां बाहियानें तीं घेतलीं नाहींत. कारण वस्त्र नेसलें तर आपला मान व लाभ कमी होईल, असें त्याच्या मनांत आलें. आणखी कांहीं काळानें, इतके लोक म्हणतात तर आपण खरोखरच अर्हत् असूं, असें त्याला स्वतःलाही वाटूं लागलें.

येथें तीन पायऱ्या आहेत. लोकांनीं वल्कलावरून साधुत्व ताडलें, हा गैरसमज. त्यांत बाहियाचा दोष नाहीं. त्यानें वस्त्रें नाकारलीं, ही फसवणूक. त्याच्या तोंडीं एकही असत्य शब्द नाहीं, हें खरें. परंतु दुसऱ्याची चूक आपणांस ठाऊक असून, लाभाच्या लोभानें ती तशीच राहूं देणें हेंही असत्यच होय. तिसरी पायरी आत्मवंचनेची. जो जगाला फसवितो त्याला निदान सत्य ठाऊक असतें. जो स्वतःला फसवितो त्याच्यापाशीं तेंही उरत नाहीं.

अशा वेळीं बाहियाची एक पूर्वजन्मींची आप्त देवता करुणेनें त्याच्याजवळ आली आणि तिनें स्पष्ट सांगितलें कीं, तूं अर्हत् नाहींस, इतकेंच नव्हे तर अर्हत् होण्याच्या मार्गावरही नाहींस. बाहिय रागावला नाहीं. खरा अर्हत् कोठें आहे, एवढेंच त्यानें विचारलें, आणि तो तत्काळ दूरच्या श्रावस्तीस निघाला. तेथें बुद्ध भिक्षेस निघाले होते. “ही वेळ नव्हे,” असें त्यांनीं दोनदां सांगितलें, तरी बाहियानें तिसऱ्यानें विनविलें. तेव्हां त्यांनीं थोडक्यांत उपदेश केला. त्याचा एक भाव असा कीं, जें पाहिलें तें पाहिलें तेवढेंच धरावें. त्यांत आपल्या पदरचें कांहीं घालूं नये. सोपाऱ्याच्या लोकांनीं पाहिली ती झाडाची साल. साधुत्व त्यांनीं पदरचें घातलें होतें! बाहिय त्या उपदेशानें मुक्त झाला, आणि लवकरच एका वासरूवाल्या गाईच्या धडकेनें मरण पावला. थोडा उशीर झाला असता तर सत्य ऐकावयाचें राहूनच गेलें असतें.

आतां कोल्ह्याकडे पुन्हां पाहा. राजा होतांच त्यानें आपल्या जातीच्या सर्व कोल्ह्यांस हांकून दिलें, कारण त्याला ओळखणारे तेच होते. शेवटीं दूरची कोल्हेकुई ऐकून तो स्वतःच ओरडला आणि प्राणांस मुकला. एकानें आप्तांस दूर केलें, दुसऱ्यानें आप्ताचें ऐकलें; दोघांच्या शेवटांतील सारें अंतर एवढ्यांत आहे.

विद्यार्थ्यांनो, उत्तरपत्रिकेच्या बेरजेंत शिक्षकाची चूक होऊन तुम्हांस ५ गुण अधिक मिळाले, तर तो केवळ गैरसमज होय. ती चूक दिसल्यावरही तुम्ही मुकाट्यानें पत्रिका दप्तरांत ठेवली, तर बाहियानें नाकारलेलीं वस्त्रें तुम्हींही नाकारलीं असें समजा. आणि पालकांस आमची विनंती ही कीं, मुलाचें कौतुक सारा गांव करील. त्याची उणीव मायेनें सांगणारें एक तरी माणूस त्याच्या घरांत असूं द्यावें.