नवं वेळापत्रक करण्याआधी

चि. अनिरुद्ध,


बँकेचा तो रखडलेला कर्जमंजुरीचा प्रोजेक्ट सोमवारपासून तुझ्याकडे येतोय, हे ताईकडून कळलं. इतकी वर्षं प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या माणसाला मी नियोजन शिकवणार नाही. पण चालता प्रोजेक्ट चालवणं वेगळं आणि फसलेला बाहेर काढणं वेगळं. अनुभवी माणसं इथे एक घाई हमखास करतात. काम हाती आलं की लगेच नवं वेळापत्रक करायला बसतात. आधीचं का कोलमडलं हे कळायच्या आत केलेलं वेळापत्रक तितक्याच दिमाखात कोलमडतं. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे कुणालाही तारीख देऊ नकोस. आत खरं काय चाललंय ते आधी शोध.

अमेरिकेतल्या हेल्थकेअर डॉट गव्हचं प्रकरण तुला वरवर माहीत असेल, पण ते बारकाईने बघ. ३६ राज्यांतल्या लोकांनी आरोग्यविमा घ्यावा म्हणून सरकारने ही साइट १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू केली. पहिल्या दिवशी जेमतेम सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. कंत्राटदार पन्नासहून जास्त, आणि सगळे तुकडे जुळवून ‘हे चालतं की नाही याला मी जबाबदार’ असं म्हणणारा एकही जण नव्हता. सगळी प्रणाली एकत्र जोडून तपासायचं काम साइट सुरू होण्याच्या जेमतेम काही दिवस आधीवर येऊन पडलं होतं. ऑक्टोबरमध्ये मदतीला बाहेरून मोजकी तंत्रज्ञ मंडळी आली. त्यांनी विचारलं, साइटचा वेग किती, चुका कुठे होतात, हे एका जागी कुठे दिसतं? तर कुठेच दिसत नव्हतं. मग त्यांनी सगळ्यात आधी मोजमापाचा फलक उभा केला, दुरुस्त्या त्यानंतर.

तूही तिथूनच सुरुवात कर. ‘नव्वद टक्के काम झालंय’ असं तुला सांगतील. वाद घालू नकोस. बँकेच्या एखाद्या शाखेत जा, कर्जविभागातल्या माणसाशेजारी खुर्ची टाकून बस आणि एकच अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवायला सांग. अर्ज भरला, कागदपत्रं चढवली, सिबिल तपासलं, मंजुरीपत्र निघालं, खात्यात पैसे पडले. कुठे अडतं, कुठे तो शांतपणे बाजूची एक्सेल फाइल उघडतो, कुठे कुणाला तरी फोन लावून ‘मागून तेवढं करून द्या’ म्हणतो, ते लिहून घे. उरलेल्या दहा टक्क्यांत काय दडलंय ते तुला तिथे कळेल. माझ्या अनुभवात तिथे बहुधा दोन प्रणालींमधला सांधा असतो. तो कोणाच्याच यादीत नसतो, कारण दोन्ही बाजूंना तो समोरच्याचा वाटतो.

आता माणसांविषयी, कारण खरं दुखणं तिथेच असतं. त्या अमेरिकन टीमचे मिकी डिकरसन यांनी रोजच्या बैठकीसाठी मोजकेच नियम ठेवले होते. बैठक अडचण सोडवायला आहे, दोष ढकलायला नाही. बोलायचं त्याने, ज्याला त्या विषयातलं सर्वांत जास्त कळतं, मग हुद्दा काहीही असो. आणि चर्चा येत्या एक-दोन दिवसांत जे अंगावर येणार आहे त्याचीच. हे नियम ऐकायला साधे आहेत, अमलात आणायला फार कठीण. आपल्याकडे तर जास्तच, कारण साहेब बसलेले असताना दोन वर्षांच्या अनुभवाची टेस्टर मुलगी तोंड उघडत नाही, आणि प्रोजेक्ट कुठे सडलाय ते नेमकं तिलाच माहीत असतं. तिने वाईट बातमी दिली तर सगळ्यांसमोर तिचे आभार मान. पहिल्या आठवड्यात एकदा हे नीट केलंस की पुढची खरी माहिती आपोआप तुझ्याकडे येईल. आणि एकदा जरी तिच्यावर आवाज चढवलास, तर अहवालात पुन्हा सगळं हिरव्या रंगात दिसायला लागेल.

नोव्हेंबरअखेर त्या अमेरिकन साइटवर चारशेहून जास्त दुरुस्त्या झाल्या आणि एका वेळी ५०,००० लोक ती वापरू शकतील अशी ती झाली. कोड लिहिणारी माणसं बहुतांशी आधीचीच होती, हे ध्यानात ठेव.

वरून ‘आणखी वीस माणसं देतो’ असं म्हणतील. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली तर तो आणखी लांबतो. वीस नकोत, ज्यांना तो सांधा कळतो असे दोन माग.

आणि काय सोडायचं ते ठरव. डेन्व्हरचा विमानतळ सामान वाहणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेपायी अडकला होता. १९९४ मध्ये पत्रकारांसमोर प्रात्यक्षिक झालं, तेव्हा बॅगा फाटून कपडे रुळांवर पसरले. मग लॉगप्लान या जर्मन सल्लागारांना तपासणीला बोलावलं. त्यांचा सल्ला असा की शेजारी नेहमीची, गाड्या-पट्ट्यांची साधी व्यवस्था उभारा. विमानतळ २८ फेब्रुवारी १९९५ रोजी, १६ महिने उशिराने, पण उघडला. ती स्वयंचलित यंत्रणा तेव्हा एकाच इमारतीपुरती चालली आणि २००५ मध्ये कायमची बंद झाली. यंत्रणा पूर्ण होईपर्यंत थांबले असते तर? तुझ्या बँकेलाही आधी फक्त गृहकर्ज चालू करून चालेल का, वाहनकर्ज-शेतीकर्ज मागाहून, हे विचार. प्रोजेक्ट बंदच करावा असं तपासणीत निघालं, तर तेही स्पष्ट लिही. असा अहवाल द्यायलाच फार थोडे धजतात, आणि तू धजशील म्हणूनच तुला बोलावलं असेल असं मला मनापासून वाटतं.

टीम थकलेली असेल. पहिल्याच आठवड्यात एक रविवार सगळ्यांना खराखुरा सुट्टीचा दे, फोनसुद्धा करू नकोस.

सोमवारी रुजू होण्याआधी साहेबांकडून दोन गोष्टी लेखी घे: तपासणी होईपर्यंत तारीख मागायची नाही, आणि काय वगळायचं त्यात शेवटचा शब्द कोणाचा. दुसऱ्या गोष्टीचं उत्तर ‘समिती ठरवेल’ असं आलं, तर होकार देण्याआधी मला फोन कर.

तुझा,
मामा