सिद्धेश्वरला पक्षी बघायला निघालेल्या भाचीला

पोरी, आपल्या हिंगोलीला समुद्र नाही म्हणून हिरमुसू नकोस. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर, एवढं पाणी आहे की. किनाऱ्यावरचा कुरव हिवाळ्यात मराठवाड्यातल्या मोठ्या धरणांवरही उतरतो. आता आत्याचं जरा ऐक.

१. कोजागिरीला धरण तुडुंब दिसलं की हुरळू नकोस — चिखलात चोच खुपसणाऱ्यांना उघडा काठ लागतो, आणि तो पाणी ओसरल्यावरच मिळतो. तोवर फुगवट्याच्या शेवटाला, उथळ पाण्यात शोध.

२. सकाळी पूर्वेच्या काठावर बस — ऊन पाठीशी राहतं. समोरून ऊन आलं की सगळी बदकं काळीच.

३. ते गुलाबी जाकीट घरीच ठेव, लग्नाला घाल.

४. बसलीस की अर्धा तास उठू नकोस — उडालेले पक्षी परत येतात, चुळबुळ करणाऱ्याकडे मात्र येत नाहीत. घाईला शेपूट दिसते, सबुरीला चोच.

५. आश्विन-कार्तिकात बदकांचे रंग पाहून नावं ठेवू नकोस — विणीनंतर नरांची रंगीत पिसं गळलेली असतात, तेव्हा नरमादी सारखीच मळकट दिसतात. चोच बघ: थापट्या बदकाची पळीसारखी पसरट असते, ती कुठल्याच महिन्यात लपत नाही.

६. कुरवाचंही तसंच. नाव तपकिरी डोक्याचा, पण हिवाळ्यात डोकं पांढरं आणि डोळ्यामागे गडद ठिपका — उन्हाळी चित्र पाहून शोधशील तर समोर असून सापडणार नाही. नदी सुरय मात्र बारमाही आपलाच, त्याची पिवळी चोच आधी पाठ कर.

७. पट्टकदंबांची वाट डिसेंबरात बघ — तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात बिचारे, जरा उशीर चालायचाच. डोक्यामागचे दोन काळे पट्टे मोजलेस की झालं.

८. काठाला वरून सुकलेल्या काळ्या मातीवर पाय देऊ नकोस — खाली गुडघाभर गाळ असतो. चिखलाला वाट विचारू नये, भोयाला विचारावी.

९. नदीपात्रात उतरायच्या आधी येलदरीतून पाणी सोडलंय का, हे गावात विचार — सोडलेलं पाणी खाली सिद्धेश्वरकडेच येतं, आणि ते हाक मारून येत नाही.

१०. गाळपेराच्या हरभऱ्यातून चालू नकोस, बांधावरून जा — पक्षी तुझे असतील, पण पीक दुसऱ्याचं. दोन शब्द बोललीस तर तोच शेतकरी सांगेल, रात्री थवा कुठल्या रानात चरला ते.

११. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावू नकोस — खायच्या वेळेला बिचारा भांडायला धावतो. तुला नाही का, जेवताना फोन वाजला की राग येत!

१२. वही तिथेच लिही, घरी आल्यावर नाही — एसटीत बसेपर्यंत दहाचे पंधरा होतात. जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते, १९८७ पासून चालू आहे. तुझे आकडे तिथे उपयोगी पडतील.

१३. जाळ्यात अडकलेला पक्षी दिसला तर स्वतः ओढू नकोस, वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन कर — ओढताना पंख मोडतो. आणि औंढ्याहून येताना मला पेढे आण, नागनाथाचं दर्शन घेऊन.