तलवार कापते ती ताकदीने की धारेने? (इतिहास आणि विज्ञान जोडणारा पाठ)



आठवीच्या वर्गात मध्ययुगीन युरोपबद्दल बोलताना मी एकदा अगदी ठामपणे सांगितलं होतं, "त्या सरदारांच्या तलवारी दहा-दहा किलोच्या असायच्या. धार फारशी नसायचीच, नुसत्या वजनाने माणूस आडवा व्हायचा." मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, कुणी वजन करून बघितलंय का?" वर्ग हसला. मीही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण घरी गेल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. शोधायला बसले तेव्हा कळलं, की वजन तर केलेलं आहेच, शिवाय कापूनही बघितलेलं आहे! आजचा पाठ त्याच प्रश्नावर.

वजन किती होतं?

संग्रहालयांत जपलेल्या बहुतेक एकहाती युरोपीय तलवारी एक-सव्वा किलोच्या आसपास भरतात. दोन हातांनी धरायच्या लांब तलवारी साधारण १.२ ते १.८ किलोच्या. म्हणजे आपल्या क्रिकेटच्या बॅटच्या आगेमागेच. दहा किलोची वस्तू घेऊन लढाईत किती वेळ टिकणार, हा विचार मी आधी करायला हवा होता.

वजन कमी ठेवण्याची युक्तीही बघण्यासारखी आहे. अनेक पात्यांच्या मधोमध लांब पन्हळ असते. मुलं म्हणतात, "ती रक्त वाहून जायला असते." तसं नाही. त्या पन्हळीमुळे धातू कमी लागतो आणि पात्याचा ताठपणा मात्र फारसा कमी होत नाही. शिवाय पातं मुठीकडून टोकाकडे पातळ होत जातं आणि मुठीच्या शेवटी धातूचा गोळा असतो. त्यामुळे तोल हाताजवळ येतो आणि तलवार चटकन वळते.

'टेस्ट कटिंग' म्हणजे काय?

युरोपातल्या जुन्या तलवारविद्येचे सचित्र हस्तलिखित ग्रंथ आज उपलब्ध आहेत. इंग्लंडमधल्या लीड्स इथल्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा असा एक ग्रंथ आहे. इटलीच्या फिओरे देई लिबेरी या उस्तादाचा ग्रंथ १४१० च्या सुमाराचा. असे ग्रंथ वाचून ती विद्या पुन्हा शिकणारी मंडळी आज अनेक देशांत आहेत. सराव बोथट तलवारीने होतो. पण आपला वार खरंच कापणारा आहे का, हे बोथट तलवार सांगत नाही. म्हणून ते अधूनमधून धार लावलेल्या प्रतिकृतीने प्रत्यक्ष कापून बघतात. यालाच टेस्ट कटिंग म्हणतात.

कापायला काय घेतात? पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या किंवा जपानी पद्धतीच्या गवती चटईची भिजवून केलेली गुंडाळी, खुंटीवर उभी केलेली.

आता गंमत बघा. वार नीट बसला तर बाटलीचा वरचा भाग अलगद सुटतो आणि खालचा भाग पाण्यासकट जागेवर उभा राहतो. वार चुकला तर बाटली चेपते आणि लांब उडून पडते. चटईत तर चूक कोरलीच जाते. मनगट मध्येच वळलं असेल तर काप सरळ न येता वाकडा येतो. बऱ्याचदा दणकट माणसाचीही बाटली उडते आणि बारीक अंगाच्या शिकाऊ मुलीची सरळ कापली जाते!

यामागचं विज्ञान

१) दाब. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. समजा, १०० न्यूटन बल ५ सेंमी लांबीच्या कडेवर पडलं. कड १ मिमी जाड असेल तर क्षेत्रफळ ५० चौरस मिमी आणि दाब २ न्यूटन प्रति चौरस मिमी. कड ०.०५ मिमी असेल तर क्षेत्रफळ २.५ चौरस मिमी आणि दाब ४०. बल तेवढंच, दाब वीसपट!

२) दिशा. पातं ज्या दिशेने चाललंय, त्याच दिशेला धार हवी. जरा तिरकी झाली की पात्याची सपाट बाजू अडते, पातं वळतं आणि जोर वाया जातो.

३) जागा. बॅटच्या ठरावीक भागावर चेंडू बसला की हाताला झिणझिण्या येत नाहीत. तलवारीलाही टोकाच्या थोडं अलीकडे अशी जागा असते. तिथे वार बसला तर कंप कमी आणि काप चांगला.

चाचणी काय सांगत नाही?

हा भाग गाळू नका. चटई हलत नाही, उलटा वार करत नाही, अंगात काही घालत नाही. कापडाचे अनेक थर शिवलेला जाड अंगरखा कापणं भिजलेल्या चटईपेक्षा कितीतरी अवघड. लोखंडी कड्यांचं चिलखत वार अडवतं आणि पोलादी पत्र्याचं चिलखत तलवारीने कापलं जात नाही. म्हणूनच पुढे अणकुचीदार, ताठ पाती वाढली. एक हात पात्यावर धरून चिलखताच्या फटीत टोक घालायचं, अशी चित्रंही त्या ग्रंथांत आहेत.

मग माणसांचं काय झालं, हे कशावरून कळतं? हाडांवरून. १३६१ मध्ये स्वीडनजवळच्या गॉटलंड बेटावर व्हिस्बीची लढाई झाली. तिथल्या सामूहिक थडग्यांत हजाराहून अधिक माणसं सापडली. अनेकांच्या हाडांवर, विशेषतः पायांच्या हाडांवर, धारदार शस्त्रांचे घाव आहेत. त्यातले बरेचसे साधे शेतकरी होते. हे सांगितलं की वर्ग शांत होतो. तलवार म्हणजे सिनेमातली शोभेची वस्तू नव्हे, हे मुलांना तेव्हा उमगतं.

वर्गात काय करता येईल?

धारदार तलवार वर्गात नाही म्हणजे नाही. आपल्याकडे शस्त्र कायदा आहे आणि मुलं ती मुलंच. पालकांनीही घरी कोयता-सुरी देऊन बाटल्या कापायला लावू नयेत. त्याऐवजी ओल्या शाडूचा गोळा आणि प्लॅस्टिकची पट्टी घ्या. पट्टी कडेने सरळ खाली दाबा, मग तिरकी धरून दाबा. सरळ दाबल्यावर बारीक काप पडतो. तिरकी दाबल्यावर माती ढकलली जाते आणि पट्टी वाकते. मुलांनी निरीक्षणं वहीत लिहावीत, दाबाचं गणित सोडवावं. शेवटी विचारा: "आपल्या प्रयोगावरून काय सांगता येतं आणि काय सांगता येत नाही?"

इतिहासाच्या तासाला आणखी एक धागा जोडा. नंतरच्या काळात युरोपातून आलेल्या पात्यांना इथली मूठ बसवत आणि अशा तलवारीला मराठीत 'फिरंग' म्हणत. नावातच तिचा प्रवास आहे.

आणि माझं काय झालं? पुढच्या तासाला मी फळ्यावर '१० किलो' लिहून त्यावर काट मारली. म्हटलं, "मी न तपासता सांगितलं होतं. चूक माझी." प्रश्न विचारणारा मुलगा एरवी तोंड उघडत नाही. त्या दिवशी त्याने लगेच हात वर केला, "बाई, मग रक्ताची पन्हळ खरी का?" मी म्हटलं, "चल, शोधू."