मोटारगाडीत पेट्रोलचा वास : कारणे, शोध व उपाय

मोटारगाडी ही आता केवळ शहरातील धनिकांची वस्तू राहिलेली नाही. खेड्यातील शिक्षक, शेतकरी, दुकानदार व कार्यालयीन कर्मचारी यांच्या अंगणातही ती उभी असते. इंजिनाचा आवाज बदलला की मालक सावध होतो. परंतु पेट्रोलचा वास आला तर ‘पेट्रोलची गाडी आहे, वास यायचाच’ असे म्हणून काच खाली केली जाते. ही समजूत चुकीची आहे. निर्दोष गाडीत पेट्रोल टाकीपासून इंजिनापर्यंत बंदिस्त मार्गानेच जाते. आधुनिक गाड्यांत तर टाकीतील वाफही सक्रिय कोळशाच्या डब्यात शोषून ठेवली जाते व नंतर इंजिनात जाळली जाते. म्हणून पेट्रोल भरतेवेळी येणारा क्षणिक वास सोडल्यास अन्य वेळी येणारा वास हा दोषाचाच निदर्शक समजावा.

धोका कोणता?

सुमारे उणे ४० अंश सेल्सिअस इतक्या थंडीतही पेट्रोलपासून पेट घेण्याजोगी वाफ निघते. हवेत या वाफेचे प्रमाण शेकडा दीडच्या आसपास झाले की एक ठिणगी पुरेशी होते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने वर उडून जात नाही. ती जमिनीलगत सरकत जाते. समजा, गाडीची शेड स्वयंपाकघराला लागून आहे, किंवा मागील दारी अंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली आहे. अशा वेळी गळती एकीकडे आणि आग दुसरीकडे, असा प्रसंग ओढवू शकतो. शिवाय पेट्रोलमध्ये अल्प प्रमाणात बेंझीन असते व ते कर्करोगास कारण होणारे द्रव्य आहे. बंद गाडीत वास घेत प्रवास केल्यास डोकेदुखी, मळमळ व घेरी येते.

प्रथम काय करावे?

वास तीव्र असल्यास गाडी मोकळ्या जागी थांबवून इंजिन बंद करावे व सर्वांनी उतरून दूर व्हावे. विडी, काडी वा दिवा जवळ आणू नये. बंद शेडमध्ये वास कोंडला असेल तर विजेचे बटण न दाबता दरवाजे उघडावेत. थेंब गळताना दिसत असतील तर इंजिन पुन्हा सुरू करू नये. गाडी ढकलून बाहेर काढावी व मेकॅनिकला जागेवरच बोलवावे. आग लागल्यास पाणी मारू नये, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पसरवते. कोरड्या भुकटीचे अग्निशामक किंवा वाळू वापरावी व ११२ क्रमांकावर मदत मागावी.

वास केव्हा येतो?

दोषाचे निम्मे निदान या एका प्रश्नात आहे.

१. पेट्रोल भरल्यानंतर : टाकीचे झाकण, त्यातील रबरी वायसर व भरण्याच्या नळीची जोडणी तपासावी. नोझल आपोआप बंद झाल्यावरही गळ्यापर्यंत भरण्याची सवय अनेकांना असते. ४० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले तर सुमारे पाऊण लिटर वाढते. वाढीस जागा न उरल्यास पेट्रोल कोळशाच्या डब्यात शिरून तो निकामी होऊ शकतो.

२. गाडी उभी असताना, विशेषतः मागील आसनाकडे : टाकीत बसविलेल्या पंपाचे वरचे सील, टाकीचा गंजलेला पत्रा किंवा गाडीखालून जाणारी नळी यांवर संशय घ्यावा.

३. इंजिन चालू असताना, बॉनेटच्या बाजूने : नळ्या, क्लिपा व इंजेक्टरच्या ओ-रिंग पाहाव्यात. अँबॅसडर, पद्मिनी यांसारख्या कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत फ्लोट अडकल्याने किंवा नीडल व्हॉल्व्ह झिजल्याने पेट्रोल ओसंडते.

४. धुराड्यातून वास, काळा धूर व कमी मायलेज : येथे बहुधा गळती नसते, पेट्रोल पूर्ण जळत नसते. स्पार्क प्लग, हवेचा फिल्टर व सेन्सर तपासावेत.

५. इंजिन ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास व ऑइलची पातळी वाढलेली : पेट्रोल ऑइलमध्ये उतरत आहे. ऑइल पातळ होऊन बेअरिंगे झिजतात. म्हणून गाडी चालवू नये.

पाहणी दिवसाउजेडी, इंजिन थंड असताना करावी. पेट्रोल लवकर उडून जाते. ओल न दिसली तरी धुळीवर उमटलेला डाग गळतीची जागा सांगतो. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आश्रय घेऊन नळ्या कुरतडतात, हेही ध्यानात ठेवावे. देशात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ साली २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलमुळे जुन्या घडणीचे काही रबर फुगते वा कडक होते. म्हणून जुन्या गाड्यांच्या नळ्या वेळीच बदलणे हितावह ठरते.

दुरुस्ती

झाकण किंवा त्याचा वायसर मालकाने स्वतः बदलावा. पुढील काम जाणत्या मेकॅनिकचे आहे. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत नळीतील दाब सुमारे ३ ते ४ बार असतो व इंजिन बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. हा दाब उतरवून व बॅटरीची तार काढूनच नळी सोडवावी. इंजेक्शनसाठी बनविलेलीच नळी व क्लिप वापरावी. साधी नळी हा दाब सहन करीत नाही. साबण चोळणे किंवा चिकटपट्टी गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. टाकीला डाग देण्यापूर्वी ती उतरवून आतील वाफ पूर्णपणे घालविली पाहिजे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक भयंकर असते. तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची रीत तर सर्वथा त्याज्य होय. ते फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. चुकून गिळले गेल्यास उलटी न करविता रुग्णास तातडीने दवाखान्यात न्यावे.

काम झाल्यावर किल्ली फिरवून पंप चालू करावा, जोड पाहावेत, मग दहा मिनिटे इंजिन चालवून पुन्हा पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी वास येत नसेल तरच दुरुस्ती पूर्ण झाली असे मानावे.

दहा-वीस रुपयांचा वायसर किंवा वीतभर नळी वेळेवर बदलली, तर गाडी, घर आणि माणसे सुरक्षित राहतात. वास हा गाडीने दिलेला इशारा आहे. काच खाली करून तो वाऱ्यावर सोडू नये.